भुणभुणचे रक्त माझ्या हवाली होते

मी एक जुना फ्रीजर आहे, मित्रांनो. तुमच्या स्वयंपाकघरात असतो तसला नव्हे. माझ्यात कधी कुणी दूध ठेवले नाही की कालची भाजी ठेवली नाही. मी मुलांच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेचा फ्रीजर. शून्याच्याही खाली ऐंशी अंशांची थंडी धरून ठेवायची, हे माझे काम. उघड्या हाताने माझा कप्पा धरला असता तर तुमची बोटे त्याला चिकटून बसली असती. आज मात्र माझ्या पोटात फिनाइलच्या बाटल्या आहेत, दोन झाडू आहेत आणि पहारेकऱ्याची मोडकी छत्री आहे. माझी कहाणी गोड नाही. ती साखर घालून सांगायला मला येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये जाड फेस, असे माझे अंग. खाली पोटात थंडी तयार करणारी दोन यंत्रे; पहिले जेवढी थंडी देई तेवढ्यावर दुसरे आणखी चढवी. तपासणी करणाऱ्या बाईने माझ्या कुशीला कान लावला आणि म्हणाली, "आवाज कमी आहे. हा कामाचा निघेल." जन्मल्याबरोबर मिळालेले ते कौतुक मी फार दिवस जपले.

इस्पितळात आलो तेव्हा मी दारातून आत जाईना. शेवटी सुताराला बोलावून चौकट काढावी लागली. "फ्रीजर आणलाय की हत्ती?" म्हणून तो कुरकुरला. पण मोठ्या साहेबांना माझा फार अभिमान. मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. कुणी पाहुणा आला की त्याला ते माझ्यापुढे आणून उभा करत आणि माझ्या पाठीवर थाप मारत.

"असा आसपास कुणाकडे नाही," ते म्हणत, आणि दार उघडून दाखवायला जात. दार काही उघडत नसे. साहेब ओढत, पाहुणा हसू दाबत उभा राही.

"थोडं थांबा साहेब," नळीताई मागून म्हणत. "आत्ताच लावलंय. आतली हवा दार धरून ठेवते. जरा वेळानं आपोआप सुटेल."

नळीताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. हातात सदैव काचेच्या नळ्या, म्हणून वॉर्डातल्या मुलांनी त्यांना हे नाव दिले, आणि पुढे त्यांचे खरे नाव सगळेच विसरले.

मग ते तापाचे वर्ष आले. एक विषाणू घराघरांतून फिरून गेला. मोठी माणसे आजारी पडली, काही दगावली. मुलांना मात्र दोन दिवस शिंका, थोडी कणकण, की मुले पुन्हा खेळायला मोकळी. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलांवर देवाची कृपा आहे, असे लोक म्हणू लागले.

ती कृपा महिनाभर टिकली. मग एकेक मूल वॉर्डात येऊ लागले. उतरतच नाही असा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटात कळा. घशातून नमुना घेऊन पाहावे तर विषाणूचा मागमूस नाही. आणि तरी मुलाचे हृदय थकल्या माणसासारखे पाय ओढत चाललेले.

मुलांच्या डॉक्टरबाई तेव्हा प्रयोगशाळेत येऊन माझ्याशेजारच्या स्टुलावर बसत. झोप नसल्याने त्यांचे डोळे मुलांइतकेच लाल असत. "विषाणू नाही, पण प्रतिपिंडं भरपूर आहेत," त्या नळीताईंना सांगत. प्रतिपिंडे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो, मित्रांनो. बाहेरचा जंतू अंगात शिरला की रक्त त्याच्याशी लढायला जे तयार करते, ती प्रतिपिंडे. जंतू गेला तरी ती मागे राहतात. म्हणून त्यांच्यावरून कळते की हा पाहुणा येऊन गेला होता.

याच काळात भुणभुण आली. आठ-नऊ वर्षांची मुलगी. सदा काहीतरी गुणगुणत असे म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलेले. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. पोटात दुखते म्हणून तिने मुलीला आधी एका दवाखान्यात नेले. तिथे म्हणाले, काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स सुजले असेल, ऑपरेशन करू. आमच्याकडे पोचेपर्यंत हात-पाय गार पडले होते.

तिचे रक्त घेऊन नळीताई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सुई टोचली तर रडली नाही," त्या म्हणाल्या. "नुसता आवाज वाढवला गाण्याचा."

त्या रक्तातला पिवळसर पाणीदार भाग वेगळा करून छोट्या नळीत भरला आणि ती नळी माझ्या मधल्या कप्प्यात ठेवली गेली.

डॉक्टरबाईंनी जे जे करायचे ते केले. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचेच औषध शिरेतून दिले, सूज उतरवायचे औषध दिले. इतर मुले त्याने उठून बसली. भुणभुण उठली नाही. उशीर झाला होता. एवढेच त्या म्हणाल्या.

काही आठवड्यांनी भुणभुणची आई इस्पितळात राहिलेले सामान न्यायला आली. मुलीचा एक स्वेटर वॉर्डात राहिला होता. डॉक्टरबाई तिला प्रयोगशाळेत घेऊन आल्या, कारण बाहेर बसायला जागा नव्हती आणि उभ्याने बोलण्यासारखे ते नव्हते.

"माझ्याच लेकीला का झालं, मॅडम?" आईने विचारले. "घरात ताप आधी धाकट्याला आला. दोघं एका ताटात जेवायची. त्याला शिंकांपलीकडे काही नाही."

"खरं सांगू का ताई? मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्हाला असं वाटतंय की चोर कधीच पळून गेला, पण पहारेकऱ्यांना कुणी थांबा म्हटलं नाही. ते घरातल्याच माणसांना बडवत सुटले. पण काही मुलांच्याच अंगात असं का होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. या मुलांची प्रतिपिंडं आणि ज्यांना काही झालं नाही त्यांची प्रतिपिंडं शेजारी ठेवून बघायला हवीत." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या धाकट्याचं थोडं रक्त मिळालं तर… एकाच घरातली दोन मुलं, एकच ताप. असं आम्हाला सहजी मिळणार नाही."

आईने स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. मला वाटले, ही आता उठून जाईल. गेली असती तरी तिला कोण नावे ठेवणार होते?

"म्हणजे माझ्या घरात आणखी एक सुई," ती म्हणाली.

"नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे."

"हक्काचं काय घेऊन बसलात मॅडम." तिने स्वेटर मांडीवर ठेवला. "याच्यानं दुसऱ्या कुणाचं पोर वेळेवर ओळखू येईल?"

"येईल अशी आशा आहे. वचन नाही देऊ शकत."

"मग एक वचन द्या. जे काय निघेल, ते मला समोर बसवून सांगायचं. तोंडानं. कागद पाठवायचा नाही, निरोप धाडायचा नाही."

"दिलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. चार वर्षांचे पोर, त्याने सगळी इमारत डोक्यावर घेतली. आईने त्याला मांडीत आवळून धरले आणि स्वतः तोंड फिरवले. त्याची नळी भुणभुणच्या नळीशेजारी ठेवली गेली. मित्रांनो, बहीणभाऊ तिथे दाटीवाटीने शेजारी शेजारी बसले, आणि मी माझी थंडी घट्ट धरली.

पुढे आणखी घरांनी रक्त दिले. बऱ्या झालेल्या मुलांनी दिले, आणि काही महिन्यांनी पुन्हा येऊन दिले. काही आईबाप शाळेतून मुलाला लवकर काढून आणत, काही दिवसाची मजुरी बुडवून येत. डॉक्टरबाई आणि नळीताई तपासण्या करत. काही नळ्यांत त्यांना चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. विषाणूला धरायचे सोडून शरीराच्याच भागांना चिकटणारी प्रतिपिंडे त्यात असावीत, असे वाटत होते. "अजून घाई नको करायला," डॉक्टरबाई म्हणत, पण त्यांच्या आवाजातला आनंद लपत नसे. ते माझे सर्वांत चांगले दिवस होते.

पण गरज सरो, वैद्य मरो, असे लोक उगीच म्हणत नाहीत. तापाची लाट ओसरली. वॉर्डात असली मुले येईनाशी झाली. ज्या वर्तमानपत्रांतून रोज आमच्याबद्दल छापून येई, त्यांत आता दुसऱ्याच गोष्टी येऊ लागल्या. पुढच्या तपासण्यांसाठी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे होते. त्याला मोठ्या साहेबांची परवानगी हवी होती.

"संशोधनाच्या लेखात माझं नाव कुठेय?" साहेबांनी विचारले.

"आहे ना सर. इस्पितळाचे प्रमुख म्हणून शेवटी आभारात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आभारात!" साहेब हसले. "बघू या. घाई काय आहे? त्या तापाला आता कोण विचारतंय?"

बघू या, बघू या म्हणता म्हणता वर्ष गेले. मग डॉक्टरबाईंचीच बदली झाली. जाताना त्या माझ्यापाशी आल्या, मधला कप्पा उघडून पाहिला आणि नळीताईंना म्हणाल्या, "परवानगी मिळाली की मी स्वतः न्यायला येते. तोवर हे सांभाळा." नळीताईंनी मान डोलावली.

आणि त्यांनी सांभाळले, होता होईल तेवढे. माझ्या दाराचे रबर फाटले, ते त्यांनी तीनदा मागितले, आले नाही. माझ्या आत बर्फाचे थर चढले, ते त्या लाकडी पट्टीने खरवडून काढत. कडाक्याच्या थंडीत टिकणाऱ्या चिकटपट्ट्या संपल्या, त्याही मागितल्या, आल्या नाहीत. मग जुन्या पट्ट्या सुटल्या तशा त्यांनी साध्या कागदी पट्ट्यांवर नावे लिहून नळ्यांना लावली. माझ्यात एक घंटा होती. आतली थंडी कमी झाली की ती ठणाणा करी. फाटक्या रबरामुळे ती वरचेवर वाजू लागली. शेजारच्या खोलीत साहेबांच्या बैठका चालत.

"त्या पेटीचं तोंड बंद करा," एके दिवशी साहेबांनी फर्मावले. कुणीतरी येऊन घंटेची तार काढून टाकली. रबर बदलायला कुणाला सवड नव्हती. तार काढायला लगेच मिळाली.

मग उद्घाटन ठरले. प्रयोगशाळेसमोरच्या जागेत नवे दालन बांधले होते. रंग ओला होता, आत अजून एक खुर्चीही आलेली नव्हती. पण मोठे पाहुणे येणार होते, भाषणे होणार होती आणि दिवस उकाड्याचे होते. मांडवात हवा गार करणारी मोठी यंत्रे आणली गेली. त्यांना जाड पिनांचे सॉकेट हवे होते. तसले सॉकेट त्या बाजूला एकच होते. माझे.

नळीताई त्या दिवशी रजेवर होत्या. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. त्यांच्या जागी कुणी ठेवले नव्हते.

"साहेब, हा फ्रीजर काढला तर चालेल ना?" विजेच्या माणसाने दारातून विचारले. त्याने विचारले, हे मला सांगितलेच पाहिजे. दोष त्याचा नव्हता.

साहेब पाहुण्यांची वाट बघत होते. "काय असतंय त्यात? जुनंच सामान आहे. काढ. तासाभराचा तर प्रश्न."

एक तास मी काढला असता, मित्रांनो. दात-ओठ खाऊन सबंध दुपारसुद्धा काढली असती. आमच्या जाड अंगाचा उपयोग तोच. समोर भाषणे चालली होती. मुले म्हणजे उद्याची आशा, असे पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. माझी थंडी पाहुण्यांच्या अंगावरचा घाम पुसत होती.

कार्यक्रम संपला. यंत्रे गाडीत चढली, मांडव उतरला, पाहुण्यांच्या मागोमाग साहेब गेले. त्याला लागून सुट्या आल्या. माझी तार जमिनीवर पडून होती. ती उचलायला कुणी आले नाही. वाजायला घंटा नव्हती.

वितळणे हे एकदम होत नाही. आधी भिंतीवरचा बर्फ ओला होतो. मग कप्प्यांच्या कडांवरून थेंब सुटतात. मग कागदी पट्ट्या भिजतात, वाकतात आणि नळीवरून घसरतात. भुणभुणची पट्टी सुटली तेव्हा मी काहीही करू शकलो नाही. थोड्या वेळाने धाकट्याची सुटली.

सुट्या संपल्यावर नळीताई आल्या, तेव्हा दारापर्यंत पाणी आले होते. त्यांनी माझे दार उघडले. या खेपेला ते ओढावे लागले नाही. आतून कुबट वास आला. नळ्या कप्प्यांतून पाण्यात लोळत होत्या आणि सगळी नावे तळाशी लगदा होऊन बसली होती. त्या धावत जाऊन साहेबांना घेऊन आल्या.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "लावा परत. गोठेल की."

"गोठेल साहेब. पण कुठलं कुणाचं, ते आता कोण सांगणार? आणि इतके दिवस उकाड्यात राहिलंय. यातलं काय उरलं असेल?"

"कोण विचारायला येणार आहे?" साहेब म्हणाले. "तुम्ही रजेवर होता ना? मग जबाबदारी कुणावर येईल, याचाही विचार करा."

नळीताईंच्या घरात डोळ्याच्या ऑपरेशनमधून उठणारी सासू होती, शिकणारी दोन मुले होती. त्यांनी पाणी पुसले आणि माझी तार जोडली. मी पुन्हा गार झालो, जे आत होते ते पुन्हा गोठवले. मला नाही म्हणता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळे जसेच्या तसे होते. इतकी निर्लज्ज थंडी मी आयुष्यात कधी धरली नव्हती.

पुढच्याच महिन्यात डॉक्टरबाई आल्या. वरच्या कचेरीत खेटे घालघालून त्यांनी शेवटी परवानगी मिळवली होती. बरोबर कोरड्या बर्फाची पेटी होती, तिच्यातून पांढरी वाफ निघत होती. हसत हसत त्यांनी मधला कप्पा ओढला. तो ओढताना नळ्या वेगळ्या झाल्या नाहीत. सगळा एक गोळा हातात आला.

नळीताई भिंतीला टेकल्या. "मीच परत चालू केला मॅडम. मी तोंड उघडलं नाही," त्या म्हणाल्या, आणि मग सगळे सांगितले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "तिच्या आईला बोलवायला हवं."

"कशाला?" साहेब म्हणाले. "दिवस जातात तसं माणूस विसरतं."

"मी समोर बसवून सांगेन म्हटलं होतं."

भुणभुणची आई कामावरूनच आली, अंगात खाकी, खांद्याला तिकिटांची पिशवी. धाकट्याला बरोबर आणले होते. त्याचा भांग पाडलेला होता, सदरा इस्त्रीचा होता. इतकी वर्षे वाट पाहिलेले उत्तर ऐकायला जायचे, म्हणून तिने त्याला नटवून आणले होते.

"मिळालं, मॅडम?" तिने दारातूनच विचारले.

डॉक्टरबाईंनी तिला बसवले आणि सांगितले. काहीही न लपवता, तोंडाने.

"दोघांचंही गेलं?"

"हो."

"भुणभुणचंही?"

डॉक्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"तांत्रिक बिघाड झाला हो ताई," साहेब मध्येच म्हणाले. "यंत्र जुनं झालंय. चहा मागवू का?"

"यंत्र बिघडलं नव्हतं," नळीताई म्हणाल्या. "त्याची तार काढली होती. कार्यक्रमासाठी."

"कसला कार्यक्रम?"

आईने दारातून समोर पाहिले. समोरच्या कुलूप घातलेल्या दालनावर पितळी पाटी होती. बसमध्ये थांब्यांची नावे पुकारायची, तशी तिने ती मोठ्याने वाचली. "मुलांच्या आजारांचे संशोधन दालन."

मग ती साहेबांकडे वळली. "लेक गेली तेव्हा मी कुणाला बोल लावला नाही. आजारच तसला, म्हटलं. नशीब, म्हटलं. आता कुणाला लावू?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले.

"धाकट्याचं रक्त पुन्हा घेता येईल," डॉक्टरबाई कशाबशा म्हणाल्या. "पण…"

"पण ते कशाशी ताडून बघणार?" आईने विचारले. "मग सुई कशाला?"

ती उठली. धाकटा इतका वेळ तिच्या पदरापाशी—नाही, खाकीला कुठला पदर—तिच्या पिशवीचा पट्टा धरून उभा होता. घाबरत घाबरत त्याने विचारले, "आई, आज टोचणार नाहीत?"

"नाही राजा. आता कधीच नाही."

पोर आनंदाने उड्या मारत बाहेर पळाले. जिन्यापर्यंत त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. आई त्याच्यामागून सावकाश गेली.

पुढे डॉक्टरबाईंनी तक्रार केली. चौकशी बसली. चौकशीत ठरले की फ्रीजर जुना होता. मला निकालात काढले, नळीताईंची रवानगी औषधांच्या गोदामात झाली, आणि साहेब मानाने निवृत्त झाले. डॉक्टरबाई नव्या गावी पुन्हा काम सुरू करणार आहेत म्हणे. पण नव्याने सुरू करायचे म्हणजे नव्याने कुणाचे तरी मूल तसेच आजारी पडायला हवे, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या ते बोलून दाखवत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात, अशी रीत आहे. मला पुसा, रंगवा, पुन्हा चालू करा, असे मी म्हणणार नाही. मला आता झाडूंची सवय झाली आहे. पण तुमच्यातले कुणी उद्या डॉक्टर होतील, कुणी विजेची कामे करतील, कुणी मोठे साहेब होतील. कधीतरी तुमच्यासमोर एखादी आई बसलेली असेल आणि तुम्हाला तिच्याकडे काहीतरी मागायचे असेल. मागण्याआधी स्वतःला विचारा, हे आपल्याच्याने सांभाळले जाईल का? जाणार नसेल, तर काही न मागता तिला तशीच घरी जाऊ द्या. तिच्या पोराला उगीच टोचू नका.